शिफ्ट किट

शिफ्ट किट : मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरपेटीतील द्रवीय नियंत्रणात फेरफार करून एका गिअरमधून दुसऱ्या गिअरमध्ये जाण्याची क्रिया अधिक जलद व ठाम व्हावी, या हेतूने बसविण्यात येणाऱ्या लहान सुट्या भागांचा संच. त्यात वेगवेगळ्या ताठपणाच्या स्प्रिंगा, एकदोन झडपा, पोलादी किंवा प्लॅस्टिकच्या गोळ्या, छिद्रे पाडलेला नवा पत्रा, गॅस्केटे व कित्येकदा छिद्रे मोठी करण्यासाठी ठराविक व्यासाचे एखादे गिरमिटही असते. सर्व संच मुठीत मावतो व गिअरपेटीच्या मानाने त्याची किंमत अल्प असते. तथापि त्याच्या योगाने गिअरपेटीचे आयुष्य वाढू शकते, त्याचप्रमाणे चुकीचा संच निवडल्यास ती अल्पावधीत निकामीही होऊ शकते. त्यामुळे संच कसा बसवावा यापेक्षा कोणता निवडावा, किंबहुना निवडावा की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

‘शिफ्ट किट’ हे मूळचे सामान्यनाम नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील ट्रान्सगो या कंपनीचे ते व्यापारचिन्ह असून गिल यंगर हे तिचे संस्थापक होत. म्हणूनच बी अँड एम ही दुसरी अमेरिकन कंपनी आपला अशाच प्रकारचा संच ‘शिफ्ट इम्प्रूव्हर’ या नावाने विकते. गाड्यांच्या कर्मशाळांतून मात्र कोणत्याही बनावटीच्या संचाला शिफ्ट किट म्हणण्याचाच प्रघात पडला आहे. प्रस्तुत नोंदीतही तो शब्द याच व्यापक अर्थाने वापरला आहे.

पार्श्वभूमी : संपूर्ण स्वयंचलित अशी मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली गिअरपेटी म्हणजे जनरल मोटर्स कंपनीची हायड्रामॅटिक होय. ती १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठी, उपलब्ध झाली. तिचे गिअरबदल ठाम असत व प्रत्येक बदल बसणाऱ्याला जाणवे. याउलट १९४८ साली आलेल्या ब्यूइकच्या डायनाफ्लो पेटीत नेहमीच्या चालीत गिअर बदलतच नसे. सर्व काम टॉर्क कन्व्हर्टर करी. गाडी सुस्त वाटे, पण धक्का म्हणून नसे. गुळगुळीत चाल म्हणजे ऐषाराम हे समीकरण ग्राहकांच्या मनात रुजले आणि नंतरच्या पेट्यांच्या रचनेवर त्याचा कायमचा ठसा उमटला. क्रायस्लरची टॉर्कफ्लाइट (१९५६), फोर्डच्या सी-४ (१९६४) व सी-६ (१९६६), जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० (१९६४) व ३५० (१९६९) या तीन गिअरांच्या पेट्या यांत्रिक दृष्ट्या अत्यंत दणकट होत्या. पण त्यांचे गिअरबदल कारखान्यातच मुद्दाम मऊ केलेले असत. शर्यतींचे शौकीन, तसेच मागे जड बिऱ्हाडगाडी किंवा नाव ओढून नेणारे चालक यांना हा मऊपणा नकोसा होता आणि त्यांच्या गरजेतून शिफ्ट किटचा उदय झाला.

द्रवीय नियंत्रण : या जुन्या पेट्यांत संगणक नव्हता. कोणता गिअर केव्हा घ्यावयाचा याचा निर्णय तेलाचा दाबच करी. एंजिनाबरोबर फिरणारा पंप तेलाला दाब देतो व दाबनियामक झडप तो दाब मर्यादेत ठेवते; यास मुख्य दाब म्हणतात. गाडीच्या वेगानुसार वाढणारा एक दाब गव्हर्नरकडून येतो. एंजिनावरील भारानुसार वाढणारा दुसरा दाब निर्वातावर चालणाऱ्या मॉड्युलेटरकडून किंवा थ्रॉटलला जोडलेल्या तारेने हलणाऱ्या झडपेकडून येतो. या दोन दाबांच्या ओढाताणीत बदल-झडप एका बाजूस सरकली की, तेल पुढच्या गिअरच्या क्लचकडे वाहू लागते. तेथे ते दट्ट्या ढकलते आणि घर्षण-तबकड्या एकमेकींवर दाबल्या जातात. काही पेट्यांत क्लचऐवजी एक पट्टा ढोलाभोवती आवळला जातो. तबकड्या किंवा पट्टा यांमुळे ग्रहीय दंतचक्रमालेतील एखादे चक्र थांबते वा दुसऱ्या चक्राशी जखडले जाते आणि गुणोत्तर बदलते [⟶ दंतचक्र; मोटारगाडी].

या सर्व झडपा व तेलाच्या वाटा ॲल्युमिनियम किंवा बीड यांच्या एका ओतीव ठोकळ्यात असतात. चक्रव्यूहासारख्या दिसणाऱ्या या झडप-ठोकळ्याच्या आणि पेटीच्या मध्ये एक विभाजक पत्रा असतो. पत्र्यातील छिद्राच्या व्यासावर क्लच किती लवकर भरेल हे ठरते. शिवाय क्लचच्या वाटेवर संचायक नावाचा एक स्प्रिंगयुक्त दट्ट्या जोडलेला असतो. क्लच आवळू लागताच काही तेल या दट्ट्याखाली शिरते, त्यामुळे क्लचमधील दाब एकदम न चढता हळूहळू चढतो आणि प्रवाशाला धक्का बसत नाही. मऊपणाचे रहस्य मुख्यतः लहान छिद्रे व सैल संचायक या दोन गोष्टींत आहे. शिफ्ट किट याच दोन ठिकाणी हात घालते.

छिद्राचा व्यास २ मिमी. वरून ३ मिमी. केला, तर त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते. म्हणजे गिरमिटाची एक मिलिमीटरची चूकही केवढी मोठी ठरते, हे यावरून लक्षात येईल. संचायकाची स्प्रिंग अधिक ताठ केल्यास तो कमी तेल शोषतो. काही संचांत तो पूर्णपणे अडविला जातो. दाबनियामकाची स्प्रिंग बदलून मुख्य दाब थोडा वाढविणे हा तिसरा उपाय. तेलाची दिशा ठरविणाऱ्या गोळ्यांपैकी काही काढून टाकणे किंवा त्यांच्या जागा बदलणे हा चौथा.

उष्णता व धक्का : गिअर बदलताना क्लच घसरत घसरत आवळला जातो आणि या घसरणीत उष्णता निर्माण होते. घसरण जितकी लांबेल तितकी तबकड्यांची झीज अधिक, हे खरे. पण ‘जितका जलद बदल तितका चांगला’ हा जो निष्कर्ष त्यावरून सर्रास काढला जातो, तो अर्धसत्य आहे. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० या पेटीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर २·५२ व दुसऱ्याचे १·५२ आहे. एंजिन दर मिनिटास ४,००० फेरे करीत असताना दुसरा गिअर पडला, तर (टॉर्क कन्व्हर्टरमधील घसरण सोडून दिल्यास) फेरे सु. २,४१० पर्यंत उतरले पाहिजेत. एंजिनाचे परिबल ३०० न्यूटन-मीटर व त्याच्या फिरणाऱ्या भागांचे निरूढी परिबल ०·३ किग्रॅ.-मी.² मानू. हा बदल ०·६ सेकंदात झाला, तर क्लचमध्ये सु. १९ किलोजूल उष्णता निर्माण होईल. तोच ०·३ सेकंदात झाला, तर ती सु. १२ किलोजूल होईल. वेळ निम्मा होऊनही उष्णता निम्मी होत नाही, कारण एंजिनाचे वेगाने फिरणारे भाग मंद करण्यात जी ऊर्जा क्लचमध्ये खर्ची पडते, ती वेळ कितीही कमी केला तरी टळत नाही. उलट हे भाग मंद होताना जे जादा परिबल पुढे ढकलतात, ते मात्र ८३ वरून १६६ न्यूटन-मीटर, म्हणजे बरोबर दुप्पट होते. हा भार पेटीतील दंड, एकदिश क्लच, मागील दंडाचे सार्वत्रिक सांधे, डिफरन्शियल व एंजिनाखालची रबरी बैठक यांना सोसावा लागतो.

म्हणजे शिफ्ट किट तबकड्यांची झीज कमी करते आणि तिची किंमत पोलादी भागांकडून वसूल करते. मध्यम भारवाढ सोसण्याइतकी ताकद बहुतेक जुन्या पेट्यांत होती, म्हणून मर्यादेत वापरलेला संच त्यांना हितकारक ठरला. गिअर पडताना मागील चाके किंचाळली पाहिजेत, अशी हौशी लोकांची एक कसोटी असते. तांत्रिक दृष्ट्या तिला काहीच अर्थ नाही. चाक किंचाळले याचा अर्थ परिबलाने टायरच्या पकडीची मर्यादा ओलांडली एवढाच. क्लच सुस्थितीत आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

पेटीच्या रचनेचा विचार : सर्व पेट्यांना एकच न्याय लावता येत नाही. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० व ४०० यांत पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काहीही सोडावे लागत नाही. नवीन क्लच आवळला की, आधीचा गिअर धरून ठेवणारा एकदिश क्लच आपोआप मोकळा फिरू लागतो. साहजिकच या पेट्यांत नवा क्लच थोडा लवकर किंवा अधिक जोराने आवळला, तरी दोन गिअर एकाच वेळी गुंतण्याचा धोका नसतो. शिफ्ट किटसाठी या पेट्या आदर्श समजल्या गेल्या त्याचे खरे कारण हे आहे.

फोर्डच्या सी-४ व सी-६ आणि क्रायस्लरची टॉर्कफ्लाइट यांची गोष्ट निराळी. त्यांत दुसरा गिअर पट्ट्याने धरलेला असतो आणि तिसरा घेताना पट्टा सुटणे व क्लच आवळणे या दोन्ही क्रिया अचूक जुळाव्या लागतात. पट्टा उशिरा सुटला, तर दोन्ही गिअर क्षणभर एकमेकांना अडवतात व गाडी ब्रेक लावल्याप्रमाणे अडखळते. पट्टा लवकर सुटला, तर एंजिन मोकळे होऊन त्याचे फेरे एकदम वाढतात. तिसऱ्या गिअरच्या क्लचकडे जाणारे तेलच पट्ट्याच्या सर्व्होची सुटण्याची बाजू भरते, म्हणून केवळ क्लचचे छिद्र मोठे करून भागत नाही. अशा पेटीसाठी संच निवडताना निर्मात्याने सर्व्होच्या वाटेचाही विचार केला आहे की नाही, हे सूचनापत्रकावरून तपासावे. एका पेटीचे सूचनापत्रक दुसरीला लावून अंदाजाने छिद्रे पाडणे ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी चूक होय.

जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ७००-आर४ या १९८२ पासूनच्या चार गिअरांच्या पेटीतही दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पट्टा सुटतो व क्लच आवळतो. या पेटीत भाराचे मापन थ्रॉटलच्या तारेवर अवलंबून असते. तार सैल राहिली, तर मुख्य दाब कमी पडतो व तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच काही दिवसांत जळतो. असा जळालेला क्लच पाहून अनेक जण शिफ्ट किट बसवितात आणि तार मात्र तशीच सोडतात. नवा क्लचही मग त्याच मार्गाने जातो. या पेटीचा दुसरा गिअर ठाम करण्यासाठी कॉर्व्हेट गाडीसाठी वापरलेला मोठ्या व्यासाचा सर्व्हो-दट्ट्या बसविण्याचा प्रघात आहे. छिद्रे मोठी करण्यापेक्षा हा उपाय पुष्कळदा अधिक सुसंगत ठरतो, कारण त्याने पट्ट्यावरील प्रेरणाच वाढते.

निवड : संच निवडण्यापूर्वी पेटीची परीक्षा करणे अगत्याचे आहे. तेल लालसर, पारदर्शक आहे की तपकिरी व जळका वास येणारे आहे, हे पाहावे. तळाची तबकवजा टाकी उघडल्यावर थोडी करडी भुकटी आढळणे नैसर्गिक आहे. काळे तुकडे अथवा धातूची चकाकणारी किसे मात्र झीज फार पुढे गेल्याचे लक्षण होय. पेटीच्या बाजूला दाब मोजण्यासाठी एक बूच असते, तेथे दाबमापक जोडून मुख्य दाब पाहावा. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० मध्ये तो एंजिन मंद चालत असताना साधारणतः ४ ते ५ किग्रॅ./सेंमी.² व पूर्ण भाराखाली १० किग्रॅ./सेंमी.² च्या आसपास असतो. दाब कमी असेल, तर कारण पंपात, मॉड्युलेटरमध्ये किंवा फुटलेल्या सीलमध्ये शोधावे. घसरणाऱ्या पेटीला शिफ्ट किट हा उपचार नव्हे. जीर्ण तबकड्यांवर एकदम जादा दाब आला की, त्या थोडे दिवस चांगल्या धरतात आणि मग एकाएकी सोडून देतात. विकण्यापूर्वी गाडीची ‘तब्येत सुधारलेली’ दाखविण्यासाठी या थोड्या दिवसांचा उपयोग करणारेही भेटतात, हे जुनी गाडी घेणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

मॉड्युलेटर असलेल्या पेटीत एंजिनाची स्थितीही पाहावी लागते. अंतर्ग्रहण नळीतील निर्वात कमी झाला की, एंजिनावर मोठा भार आहे असे समजून मॉड्युलेटर दाब वाढवितो. शर्यतीसाठी घडविलेला कॅमदंड बसविलेल्या एंजिनात मंद गतीला निर्वात मुळातच कमी असतो. परिणामी दाब सदैव चढा राहतो, गिअर उशिरा व कठोरपणे पडतात. अशा गाडीत दाब वाढविणारा संच बसविणे म्हणजे चढलेल्या तापावर शेक देण्यासारखे होय. तेथे योग्य मॉड्युलेटर निवडणे हे पहिले काम.

बाजारात मिळणारे संच साधारणतः तीन प्रतींचे असतात. पहिली प्रत घरगुती गाडी, ओढगाडी व बिऱ्हाडगाडी यांच्यासाठी असते. तीत छिद्रे माफक वाढविली जातात, संचायक चालू ठेवून त्याची स्प्रिंग तेवढी ताठ केली जाते. त्यामुळे हलक्या पायाने चालविताना गिअर जवळजवळ पूर्वीप्रमाणेच मऊ पडतो व ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो ठाम होतो. भारानुसार ठामपणा बदलणे हेच चांगल्या संचाचे लक्षण. रोज वापरावयाच्या गाडीला ही प्रत पुरेशी असते आणि शंका असेल तेव्हा हीच घ्यावी. दुसरी प्रत रस्ता व शर्यत अशा दुहेरी उपयोगाची. तिच्यात काही बदलांचे संचायक अडविलेले असतात. सावकाश चालवितानाही गिअर धक्क्याने पडतो, पहिल्या आठवड्यात त्याचे कौतुक वाटते व पुढे घरातील मंडळी तक्रार करू लागतात. तिसऱ्या प्रतीत स्वयंचलन काढूनच टाकलेले असते. गव्हर्नर निरुपयोगी होतो व प्रत्येक गिअर चालकाने दांड्याने घ्यावयाचा असतो. पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी ही रचना योग्य आहे. शहरातील रहदारीत मात्र ती त्रासदायक असून, चालकाने गडबडीत मोठ्या वेगात पहिला गिअर घेतल्यास एंजिन व पेटी या दोहोंचा नाश होऊ शकतो.

एकाच संचातून पहिली किंवा दुसरी प्रत तयार करण्याची सोय पुष्कळदा असते. फरक पडतो तो छिद्र कोणत्या गिरमिटाने मोठे करावयाचे व कोणती स्प्रिंग घालावयाची यात. येथे एक व्यावहारिक गोष्ट नमूद करावीशी वाटते : छिद्र मोठे करता येते, पुन्हा लहान करता येत नाही. म्हणून प्रथम लहान व्यासाचे छिद्र पाडून गाडी चालवून पाहावी, आणि जुना विभाजक पत्रा शक्य तर जपून ठेवावा.

जड ओझे ओढणाऱ्यांची सर्वसाधारण समजूत अशी की, शिफ्ट किटने पेटी थंड राहते. ती अंशतःच खरी आहे. गिअरबदल मिनिटातून एकदोन वेळा होतो. पण चढावर टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत असतो. एंजिन ५० किलोवॉट शक्ती देत असेल आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर दर सेकंदाला १० किलोजूल उष्णता तेलात जाते. म्हणजे वरच्या उदाहरणातील संपूर्ण गिअरबदलाएवढी उष्णता कन्व्हर्टर दोन सेकंदांत निर्माण करतो. हे तेल सु. ८० °से. वर राहावे अशी अपेक्षा असते आणि त्यापुढे दर ११ °से. वाढीला त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे. तेव्हा ओढगाडीसाठी आधी वेगळा तेलशीतक व मग शिफ्ट किट, असा क्रम ठेवणेच शहाणपणाचे. पैसा एकाच गोष्टीपुरता असेल, तर तो शीतकावर खर्च करावा.

बसविणे : पहिल्या दोन प्रतींचे बहुतेक संच पेटी गाडीखालून न उतरविता बसविता येतात. तळाची टाकी काढून झडप-ठोकळा खाली घेतला जातो. ठोकळा सुटताच गोळ्या खाली पडतात. कोणती गोळी कोठे होती याचे चित्र आधी काढून न ठेवल्यास पुढचे सारे श्रम वाया जातात. स्वच्छता हा या कामाचा प्राण होय. सुती चिंधीचा एक धागादेखील झडपेला अडकवू शकतो, म्हणून धागे न सोडणारे कापड किंवा कागद वापरतात. बोल्ट ठरावीक परिबलानेच आवळावे लागतात. ते अधिक आवळल्यास ठोकळा किंचित वाकतो व त्यातील झडपा खिळून बसतात. काही बदलांसाठी मात्र संपूर्ण पेटी उकलावी लागते. उदा., टर्बो-हायड्रामॅटिक ४०० च्या तिसऱ्या गिअरच्या क्लचमध्ये तेलाचे दोन कप्पे असून पुढे जाताना त्यांपैकी एकच वापरला जातो, दुसरा फक्त मागे जाताना भरतो. दोन्ही कप्पे पुढील गिअरलाही भरतील असा बदल केल्याने क्लचची पकड पुष्कळ वाढते. पण ते काम पेटीच्या दुरुस्तीच्या वेळीच करणे परवडते.

आधुनिक पेट्या : १९९० नंतर नियंत्रण संगणकाकडे गेले. जनरल मोटर्सची ४एल६०-ई (१९९३) ही मूळ ७००-आर४ चीच सुधारित आवृत्ती. पण तीत गव्हर्नर व थ्रॉटलची तार यांच्या जागी विद्युत् झडपा आल्या आणि मुख्य दाब संगणक ठरवू लागला. अशा पेटीत ठामपणा कार्यक्रमणात बदल करूनही वाढविता येतो, व त्यासाठी टाकी उघडावी लागत नाही. तरीही संच कालबाह्य झाले नाहीत, त्यांचे प्रयोजन तेवढे बदलले. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात झडपा लाखो वेळा मागेपुढे सरकून त्यांची बिळे झिजतात, तेल झिरपते व संगणकाने मागितलेला दाब क्लचपर्यंत पोहोचत नाही. ही झीज भरून काढण्यासाठी नव्या झडपा, बाह्या व स्प्रिंगा यांचे दुरुस्ती-संच मिळतात. अमेरिकेतील सोनॅक्स ही कंपनी अशा भागांसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या अर्थाने गाडी ‘जोरकस’ करणे हा त्यांचा हेतू नसून ती पूर्ववत करणे हा आहे.

सहा वा अधिक गिअरांच्या पेट्यांत एक क्लच सोडणे व दुसरा आवळणे हे काम संगणक सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजून करतो आणि प्रत्येक बदलाचा वेळ पाहून पुढचा दाब स्वतःच सुधारतो. तेथे छिद्र मोठे केले, तर संगणक दाब कमी करून आपला ठरलेला वेळ पुन्हा गाठू पाहतो. मालकाचा खर्च होतो व अनुभवाला येणारा फरक थोडाच काळ टिकतो. अशा पेटीत बदल तडक जाणवू लागले, तर शिफ्ट किट शोधण्यापूर्वी तेल बदलणे व संगणकाने साठविलेली जुनी सुधारणामूल्ये पुसून त्याला पुन्हा शिकू देणे हेच योग्य.

भारतात स्वयंचलित गाड्यांचा खरा प्रसार झाला तो २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीत आलेल्या स्वयंचलित हस्तगिअर पेटीनंतर. या पेटीत नेहमीचीच हाताने चालणारी गिअरपेटी व कोरडा क्लच असून ते हलविण्याचे काम तेवढे विद्युत्-द्रवीय यंत्रणा करते. तीत ग्रहीय दंतचक्रमाला, पट्टे किंवा संचायकयुक्त क्लच नसतात, म्हणून वर वर्णन केलेले कोणतेही शिफ्ट किट तिला लागू पडत नाही. पट्टा व कप्पी यांवर चालणाऱ्या अखंड-गुणोत्तर पेट्यांना तर गिअरच नसतात, आणि त्यांत दाब वाढविण्याचे प्रयोग पट्ट्याच्या जिवावर बेततात. दुहेरी क्लचच्या पेट्यांचे नियंत्रणही सर्वस्वी संगणकाधीन असते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ज्या गाड्या येथे आहेत, त्यांच्याही पेट्या बहुतांशी आधुनिक, स्वतः शिकणाऱ्या प्रकारच्या आहेत. जुन्या अमेरिकन गाड्या जतन करणाऱ्या मोजक्या संग्राहकांना मात्र पहिल्या प्रतीचा संच उपयोगी पडतो. त्यांनी मागणी नोंदविण्यापूर्वी पेटीच्या टाकीचा आकार व तिच्या बोल्टांची संख्या पाहून पेटीचा प्रकार निश्चित करून घ्यावा, कारण पन्नास वर्षांत अशा गाडीतील मूळ पेटी बदललेली असण्याचा बराच संभव असतो. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० च्या टाकीला १३ बोल्ट असून तिचा एक कोपरा छाटल्यासारखा दिसतो.